सरकारी विद्यापीठाचं स्थळ

आमच्या नानांनी आयुष्यात विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणूनच मी कुठल्या विद्यापीठात जावं हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. नाना म्हणजे माझे थोरले काका. बाबा धाटावला एका कंपनीत शिफ्टला जातात, त्यामुळे घरातले मोठे निर्णय त्यांना अर्धवट झोपेत कळतात. आईला ते जेवण वाढताना कळतात. ताईला आणि मला बहुतेक वेळा शेजारीणच सांगते.

तर झालं असं. रोह्याच्या कॉलेजात मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले. मग शहरातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली आणि एमएस्सीच्या यादीत माझं नाव लागलं. विद्यापीठ संशोधनाचं आहे. तिथे नद्यांच्या पाण्यावर काम चालतं, आणि मला कुंडलिकेच्या पाण्यावर काम करायचं आहे. या नदीबद्दल आमच्या गावात पानपट्टीवाल्यापासून भटजींपर्यंत प्रत्येकाला मत आहे. पाण्यात नक्की काय आहे ते मात्र कुणी मोजलेलं मी पाहिलं नाही. मला ते मोजायचंय, एवढीच माझी हौस. विद्यापीठाचं नाव मी इथे लिहीत नाही. स्थळाचं नाव सोयरीक ठरेपर्यंत बाहेर फोडायचं नसतं, हा नानांचाच नियम.

हो, स्थळच. यादी लागली त्या संध्याकाळी नाना ओटीवर बसून म्हणाले, "चौकशी केल्याबिगर पोर कुठं द्यायची नाय."

"देत नाही आहात नाना, शिकायला पाठवताय."

"तेच ते. घर सोडून जाणार ना? मग चौकशी नको?"

ही चौकशी म्हणजे काय, ते आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मुलगी द्यायची तर त्या घराशी संबंध आलेली माणसं शोधायची आणि त्यांच्याकडे जायचं. येण्याचं कारण फोनवर सांगायचं नाही. समोरच्याने सावध होऊन गोड बोलू नये म्हणून. बसायचं, पाऊसपाणी बोलायचं, देतील ते खायचं, आणि निघता निघता मुद्द्यावर यायचं. घरी आल्यावर सगळं पंगतीत सांगायचं. ताईचं स्थळही नानांनीच पाहिलं होतं. ताई गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे आहे. बरं नाही म्हणून आलीय, असं आई सगळ्यांना सांगते. ताई डाव्या हाताने तवा उचलत नाही.

प्रवेश घ्यायला आठवडाभराची मुदत होती. त्यातच दुसरं एक स्थळ स्वतःहून चालून आलं होतं. कुठल्याशा टेकडीवरचं खासगी विद्यापीठ. त्यांचा पेणचा माणूस नानांना रोज फोन करून "काकासाहेब" म्हणायचा. नानांना जन्मात कुणी काकासाहेब म्हटलेलं नव्हतं. फोन ठेवला की ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "मागणी आलीय गो तुला." म्हणजे मी एक तर माझ्या विद्यापीठात जाणार होते, नाहीतर काकासाहेबांच्या. तिसरा रस्ता होता ताईबरोबर भाकऱ्या थापण्याचा. तेव्हा मी ओढणी गुंडाळली आणि नानांच्या बाइकवर मागे बसले.

पहिला मुक्काम धाटाव. गावापासून बाइकवर थोडकंच अंतर, पण आम्ही पोचलो ती वेळ शिफ्ट सुटायची. कंपनीच्या बसेस, मोटरसायकली, डबे लटकवलेल्या सायकली, सगळं एकाच वेळी अंगावर आलं. हवेत तो ओळखीचा आंबूस वास होता. बाहेरून आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो, आमच्याकडचा माणूस वास नसला तर विचारतो, "आज कंपनी बंद हाय का?"

इथे आम्हाला गुरव सर भेटायचे होते. ते माझ्या त्या विद्यापीठातून एमएस्सी झालेले आणि आता एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहेत. गेटसमोरच्या टपरीवर चहा सांगून नाना नियमाप्रमाणे पाऊसपाण्यावर आले. भाताचं बी कुठून घेता, इथपर्यंत विचारून झालं. गुरव सर रोह्याला फ्लॅटमध्ये राहतात. ते सारखे घड्याळ बघत होते.

"बाकी, ते घर कसं हाय?" नाना अखेर म्हणाले.

"कुठलं घर?"

"सर, विद्यापीठ," मी म्हटलं. म्हणावंच लागलं.

गुरव सरांनी माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे, मग ते हसू दाबून बसले. नाना गंभीर होते. "इमारती स्वतःच्या हायत का भाड्याच्या?"

"स्वतःच्या. गळतात पण."

"गळू दे. स्वतःच्या हायत ना! माणसं कशी?"

"दोन प्रकारची. शिकवणारी आणि न शिकवणारी. पगार दोघांना सारखाच."

नानांनी मान डोलावली. घरोघर असंच असतं, असा त्या डोलावण्याचा अर्थ. "आणि तिथं शिकलेलं हितं कामाला येतं का?"

"तिथं प्रश्न विचारायची सवय लागते," गुरव सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "इथं आल्यावर ती सोडायला मला वर्ष लागलं." मग माझ्याकडे वळून, मी काहीएक विचारलेलं नसताना, म्हणाले, "तू बीएड कर. मुलींना सुटसुटीत पडतं."

जाताना चहाचे पैसे त्यांनीच दिले, त्यामुळे नानांच्या लेखी साक्ष चांगली झाली. मी मात्र घरापर्यंत धुमसत होते. नदीकाठच्या कंपनीत बसलेला केमिस्ट मला बीएड कर म्हणतो!

दुसऱ्या दिवशी पेण. रोह्याहून एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत बरं चाललं, मग महामार्ग लागला. या रस्त्याचं रुंदीकरण मी शाळेत होते तेव्हा चालू होतं, मी पदवीधर झाले तरी चालू आहे. माझ्याआधी त्यालाच पीएचडी मिळाली तर मला नवल वाटणार नाही. मे महिन्याची धूळ खिडकीतून आत येऊन सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या करत होती.

शेजारच्या सीटवर एक मावशी करवंदांची पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पानाच्या द्रोणात मूठभर करवंदं घालून मला दिली आणि नानांना विचारलं, "कुठं निघालाव?"

"असंच. पाव्हण्यांकडं." नाना नियमाला पक्के.

मावशींनी माझा नवा ड्रेस पाहिला, नानांची इस्त्रीची टोपी पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. "दाखवाया नेताव व्हय? बरं हाय. चांगली हाय पोर." मग माझ्या कानाशी येऊन, "त्यांच्याम्होरं चष्मा काढून बस गो."

"चष्मा काढला तर मला विद्यापीठ दिसणार नाही मावशी," मी म्हटलं. त्यांनी नानांकडे काळजीने बघितलं. डोक्याचंही काहीतरी असावं, असं त्यांना वाटलं असणार. वडखळला उतरताना त्यांनी आणखी एक द्रोण दिला, तो बहुधा त्या काळजीपोटीच.

पेणला उतरलो तर गल्लीगल्लीत गणपती. भाद्रपद लांब आहे, पण पेणमध्ये तो बारा महिने चालतो. अजून रंग न लावलेले, डोळे न आखलेले पांढरे गणपती दारादारात ओळीने सुकत बसले होते. नानांनी त्या सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला आणि आम्ही पोहे-पापडाच्या एका दुकानावरच्या माडीवर चढलो. तिथे त्या "काकासाहेब" म्हणणाऱ्या माणसाचं करिअर मार्गदर्शन केंद्र होतं.

मार्गदर्शकांनी मेच्या उकाड्यात टाय लावला होता. त्यांनी गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक नानांच्या मांडीवर ठेवलं. आत तळं होतं, तळ्यात बदकं होती, काठावर दात दाखवणारी मुलंमुली होती. पुढच्या पानावर घोडे होते.

"घोडे?" नाना उजळले.

"अश्वारोहण, काकासाहेब. प्रत्येक विद्यार्थ्याला."

"केमिस्ट्रीला घोडा कशाला लागतो?" मी विचारलं.

"व्यक्तिमत्त्वासाठी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"प्रयोगशाळेत कुठली उपकरणं आहेत?"

"सगळी."

"नदीच्या पाण्यावर तिथं कोण काम करतं?"

"सगळे करतात."

"आणि ते सरकारी?" नानांनी विचारलं. आता ते चक्क उघड विचारत होते. घोड्यांनी त्यांचा नियम मोडला होता.

मार्गदर्शकांनी खांदे उडवले. "सरकारीत काय असणार काकासाहेब? नुसतं शिक्षण असतं."

देवाशप्पथ, हेच शब्द. मला हसावं की त्यांच्या टायला धरून ओढावं कळेना. पण नाना जिना उतरताना ते पुस्तक काखेत धरून उतरले. खाली पोहे-पापडाच्या वासात उभं राहून त्यांनी फैसला जवळजवळ देऊनच टाकला. "लोकं अगत्याची हायत गो. बोलणं कसं मऊ! तुझ्या सरकारी घराची आता एकच साक्ष उरलीय. ती पटली तर बघू, नायतर हे घोडंवालं."

ती साक्ष म्हणजे माधुरीताई. पेणच्या खाडीकडच्या एका गावची ही मुलगी माझ्याच विद्यापीठात खाडीतल्या शिंपल्यांवर पीएचडी करते, असं आमच्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं. तिच्या घरचा नंबरही त्यांनीच मिळवून दिला. नानांनी आदल्या दिवशी फोन केला होता. "आम्ही रोह्याहून येतोय. तुमची मुलगी घरी असली तर बरं होईल," एवढंच बोलून ठेवून दिला. कारण सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम.

टमटमने खाडीकडे निघालो तशी झाडं संपत गेली. मग उरलं ते खाजण (भरतीचं पाणी चढतं ती खारी जमीन), आणि बांधाबांधांनी आखलेली मिठागरं. हंगाम संपत आला होता. मिठाचे पांढरे ढीग उन्हात इतके चमकत होते की डोळे उघडवत नव्हते. टोपलं डोक्यावर घेऊन बांधावरून जाणाऱ्या बायकांनी मान वळवून आमच्या टमटमकडे बघितलं, आणि त्यातली एक हसून दुसरीला काहीतरी म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

माधुरीताईच्या अंगणात सडा घातलेला. मांडववाल्याचं नाव छापलेल्या खुर्च्या गोलात मांडलेल्या. खुर्च्यांवर कडक इस्त्रीचे दोन मामा. तिचे वडील पुढे आले, नानांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आयलाव? या, या, बसा." पाय धुवायला पाणी आलं. शेजारच्या पडवीत बायका दाटीवाटीने उभ्या राहून मला निरखत होत्या.

"बघ," नाना माझ्या कानात म्हणाले, "विद्यापीठाचं नाव हाय. नायतर कोण एवढं करतंय?"

आधी खोबरं पेरलेले पोहे आले. मग सरबत. मग आतून तळणीचा असा वास आला की नानांचा चमचा हवेत थांबला. "जिताडा," थोरले मामा सहज बोलल्यासारखे म्हणाले. "सकाळीच काढलाय तळ्यातला."

जिताडा (खाडीच्या पाण्यातला मोठा, चवदार मासा) इकडे लोक शेताच्या तळ्यात सोडून वाढवतात, आणि कारण असल्याशिवाय काढत नाहीत. पूर्वी साहेबासाठी काढायचे. आता जावयासाठी काढतात, किंवा सोयरीक जुळायची असेल तर. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी नानांचा सदरा ओढला. नाना खुशीत होते, त्यांनी हात झटकला.

"बाकी," मामांनी घसा साफ केला, "मुलगा काय करतो?"

नानांना एकच मुलगा. त्याची कुणी विचारपूस केली म्हणून त्यांना बरंच वाटलं. "आठवीला हाय," ते सरळ मनाने म्हणाले. "अभ्यासात बेताचाच."

मामांनी माधुरीताईच्या वडिलांकडे बघितलं. पडवीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि नेमक्या त्याच क्षणी जांभळी साडी नेसलेली, तिशी ओलांडलेली, कपाळाला आठ्या घातलेली माधुरीताई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिने ते ऐकलं. आधी तिच्या आठ्या गेल्या, मग ट्रेमधले कप वाजायला लागले, मग तिने ट्रे उंबऱ्यावरच ठेवला आणि दाराला टेकून ती हसत सुटली. डोळ्यांना पदर लावून हसत होती. "आठवीला!" मध्येच श्वास घेऊन म्हणायची आणि पुन्हा हसायची.

आता कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी उभी राहिले. "काका, आम्ही स्थळ घेऊन नाही आलो. माझा प्रवेश आहे. आम्ही विद्यापीठाची चौकशी करायला आलोय."

तिची आई झारा हातात घेऊन बाहेर आली. "कुणाची?"

"विद्यापीठाची."

"आन् त्या विद्यापीठासाठी माझा जिताडा खाल्लाव?"

"अजून खाल्ला नाय," नाना म्हणाले. घाबरला की माणूस खरं बोलतो.

मामा उठून, टोप्या घालून निघून गेले. पडवीतल्या बायकांना पुढल्या वर्षभराचा विषय मिळाला. नाना वरमून उठायला लागले, तर माधुरीताईच्या आईने झारा त्यांच्याकडे रोखला. "बसा. आता काय तो परत तळ्यात जाणार हाय? जेवून जावा."

जेवलो. रस्सा असा होता की एरवी मी बोटं चाटली असती. पण भात वाढता वाढता ती बाई ताटाकडेच बघत म्हणाली, "माझ्या पोरीची चौकशी कराया इतक्या वर्षात कोण आला नाय. तिच्या विद्यापीठाची कराया आलाव." ती रागावून बोलली असती तर परवडलं असतं. मला लाज वाटली, आमची आणि आमच्या त्या नियमाची.

जेवणानंतर माधुरीताई साडी खोचून मला बांधावर घेऊन गेली. "विचार," म्हणाली. "खरं सांगते."

आणि तिने खरंच खरं सांगितलं. होस्टेलच्या भिंतींना ओल आहे. फेलोशिप वेळेवर येत नाही. एक यंत्र वर्षभर बंद पडलंय आणि ते दुरुस्त करायचं पत्र अजून खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर चाललंय. तिचे गाइड तिच्या प्रबंधाच्या प्रकरणांवर दोन-दोन महिने बसून राहतात. कॅन्टीनच्या डाळीचं तिने जे वर्णन केलं ते मी लिहीत नाही. ऐकता ऐकता मला टेकडीवरचे घोडे आठवायला लागले.

"मग तू तिथे का आहेस?" मी विचारलं.

तिने वाकून चिखलातली एक शिंपली उचलली. "मी पहिल्या वर्षाला होते. सरांना विचारलं, आमच्या खाडीतल्या शिंपल्या बारीक का होत चालल्यात? माझी आई लहानपणी गोळा करायची त्या एवढ्या असायच्या. सर म्हणाले, मला माहीत नाही. तूच शोध." ती हसली. "सायली, शाळेपासून त्या दिवसापर्यंत मला एकही मास्तर 'माहीत नाही' म्हणाला नव्हता गो. घरात पण कोण नाय. मी म्हटलं, हितंच राहायचं."

मी त्या बांधावर उभी राहून आमचा सगळा प्रवास आठवला. गुरव सरांना माहीत होतं मला काय झेपेल. मार्गदर्शकांना सगळं माहीत होतं. करवंदवाल्या मावशींना मी चष्म्याशिवाय कशी दिसेन तेही माहीत होतं. नानांना तर जन्मतःच माहीत आहे. मला जायचं होतं तर तिथेच, ओल आलेल्या भिंती आणि बंद पडलेल्या यंत्रासकट. हे मला त्या उन्हात इतकं स्वच्छ कळलं की रडू आलं, कारण जेवताना नानांच्या तोंडावरचा नकार मी वाचला होता.

होस्टेलच्या ओलीपासून पैशापर्यंत सगळं नानांनीही तिला विचारून घेतलं, आणि निघताना चौकशीतला शेवटचा प्रश्न विचारलाच. टमटममध्ये एक पाय ठेवून म्हणाले, "राग मानू नको पोरी. तिथं गेल्यामुळं तुझं लग्न राहिलं का?"

"विद्यापीठानं मोडलं नाय काका," माधुरीताई म्हणाली. "मीच हो म्हटलं नाय."

झालं. साक्ष संपली. एसटीने नागोठणं सोडल्यावर नाना म्हणाले, "नको." मी विचारलं का. "तिशी गेली पोरीची. आईचं तोंड बघितलंस ना? उद्या तुझ्या आईचं तसं व्हायचं." मी खूप बोलले. चिडून बोलले, विनवण्या केल्या, पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला तरी बोलत राहिले. नाना खिडकीबाहेर बघत बसले. ते घोड्यांचं पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यावर महामार्गाची धूळ साचत होती.

रोह्याला उतरलो तेव्हा दिवे लागत होते. बाबांना नाइट शिफ्ट होती म्हणून जेवणं लवकर उरकायची होती. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. ताई चुलीपाशी, आई वाढतेय, आणि नाना पाटावर बसून चौकशीचा निकाल सांगताहेत.

"घर जुनं हाय. पण स्वतःचं. गळतंय. माणसं बरी-वाईट, जशी सगळीकडं. होस्टेलला ओल हाय. पैसा वेळेवर नाय. पोरी तिथंच अडकून बसतात, घरी परतायचं नाव नाय. आम्ही धाटावला विचारलं, पेणला विचारलं, खाडीपर्यंत जाऊन आलो. उगाच नाय सांगत. दोन दिवस घातले मी."

"दोन दिवस?" ताई म्हणाली.

ताई पंगतीत बोलत नाही. दिवाळीपासून तर नाहीच. म्हणून आई वाढता वाढता थांबली.

"व्हय. दोन दिवस," नाना म्हणाले.

ताईने उजव्या हाताने तव्यावरची भाकरी उलटली. आवाज चढवला नाही. "माझ्या वेळी तुम्ही नाक्यावरच्या टपरीवर एक चहा प्यालाव नाना. टपरीवाला त्यांचाच भाऊबंद. दिवेलागणीच्या आत घरी आलाव. घर पक्कं हाय म्हणालाव, दारात ट्रॅक्टर हाय." तिने भाकरी नानांच्या ताटात टाकली. "हिच्या विद्यापीठाच्या भिंतीची ओल इचारलीत. माझ्या वेळी एवढं का नाय इचारलंत?"

मी नानांना आयुष्यभर ओळखते. भाताला कधी पाणी सोडायचं, कुठल्या डॉक्टरचा हात चांगला, सरकार कधी पडणार, कुणाचं लग्न टिकणार, प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर असतं, आणि ते समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तयार असतं. त्या संध्याकाळी ते भाकरीकडे बघत बसले. बाबांनी मान खाली घातली. आईने डोळ्यांना पदर लावला, ताईला बरं नसल्याची ती गोष्ट आता कुणाला सांगता येणार नव्हती. मला नानांचा इतका राग आला होता की त्यांचे भरलेले डोळे बघूनही तो गेला नाही. तरीही मला रडू आवरेना.

"माहीत नाय गो," नाना म्हणाले.

तेवढंच म्हणाले. मग पाण्याचा तांब्या जवळ ओढला, पण पाणी घेतलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी बाबांकडे बघितलं. "हिला पोचवून ये शहराला. शिफ्ट बदलून घे."

बाबा डबा घेऊन गेले. नाना ओटीवर जाऊन अंधारातच बसले. घोड्यांचं ते पुस्तक आईने दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या जुन्या डब्याखाली ठेवलं. तो डबा त्याआधी बरेच दिवस डुगडुगत होता.

प्रवासाहून परतलं की काय मिळालं ते सांगायचं असतं. पेण आणि रोह्याच्या मधल्या एवढ्याशा मुलखात मला शहाणी माणसं पोत्याने भेटली, आणि मी जिथे निघाले आहे तिथे सगळं गळतं. पण खाडीवरच्या एका मुलीने आणि चुलीजवळच्या माझ्या बहिणीने जे विचारलं, ते विचारायला मी एरवी किती वर्षं घेतली असती कोण जाणे. माझी बॅग भरायची आहे. चष्मा मी काढणार नाही.

नाना ओटीवर अंधारात बसले होते त्या संध्याकाळी भांडी घासायला मी आणि ताई मागच्या दारी बसलो होतो. ती उजव्या हाताने घासत होती, मी विसळत होते. ताईने बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली, लग्न ठरलं म्हणून. इतक्या महिन्यांत आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नव्हतो. तवा माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "तिथं वयाची अट असते का गो?"

मला पटकन हो किंवा नाही म्हणता आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "विचारते."